कृष्णेचा मासा खावा का, आणि हे घराघरांत सांगायचं कोणी?

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. बातमी काही दिवस चालली. कुणी साखर कारखान्यांच्या मळीकडे बोट दाखवलं, कुणी शहराच्या सांडपाण्याकडे. पाण्याचे नमुने घेतले गेले, आंदोलनाच्या घोषणा झाल्या. अशा वेळी काठावर आणखी एक गोष्ट हमखास दिसते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लोक पिशव्या, पोती, घमेली घेऊन पाण्यात उतरतात आणि वर आलेले मोठाले मासे उचलून घरी नेतात. त्या रात्री किती चुलींवर कालवण शिजलं, याची नोंद कुठल्या पंचनाम्यात नसते.

नदीचा मासा खावा की नाही, असं काठावरच्या घरात विचारलं तर उत्तर बहुधा हसूनच येतं: आजवर खाल्लाच की, काय झालं? या उत्तराला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे आणि चूकही. मासा खाऊन दुसऱ्या दिवशी आडवा झालेला माणूस सहसा दाखवता येत नाही. जी जोखीम वर्षानुवर्षं शरीरात साठत जाते, ती डोळ्यांना दिसत नाही. मग एकीकडे वर्तमानपत्रातला ‘विषारी मासे’ हा मथळा आणि दुसरीकडे घरातलं ‘काय होत नाय’, एवढीच दोन उत्तरं शिल्लक राहतात. यांच्यामध्ये सांगण्यासारखं बरंच आहे. ते कुणी सांगत नाही, हे या प्रश्नाचं खरं दुखणं आहे.

आधी नदी पाहू. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णा आणि कराडला प्रीतिसंगमावर कोयना घेते, सांगलीजवळ हरिपूरला तिला वारणा मिळते. वरच्या अंगाला धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना आणि वारणेवरचं चांदोली अशी धरणं आहेत. खाली खोडशी, बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे बंधारे. बंधाऱ्यात पाणी अडलं की नदी वाहायची थांबते. मग ज्या फुगवट्यात नाला पडतो, त्याच फुगवट्यातला मासा शेजारच्या गावात विकला जातो. म्हणून ‘कृष्णेचा मासा’ असं सरसकट बोलण्यात फारसा अर्थ नाही. धोमच्या जलाशयातला कटला आणि सांगलीच्या शेरीनाल्याच्या तोंडाशी गळाला लागलेली चिलापी यांची नदी एक असली, तरी पाणी एक नाही.

बाजारही गुंतागुंतीचा आहे. सांगली-साताऱ्याच्या मंडईत बर्फात येणारा रोहू-कटला बराचसा आंध्राचा असतो. समुद्राचा मासा रत्नागिरीकडून घाट चढून येतो आणि सुकट-बोंबील तर प्रत्येक आठवडी बाजारात असतात. यात नदीचा मासा मानाचा, कारण तो ताजा, कधी कधी जिवंतच, ओळखीच्या भोयाकडून घेतलेला. मरळ, वाम, शिंगटी, खवली, बारक्या चिंगळ्या यांना आपापले शौकीन आहेत. ‘गावचा’ हा शब्द इथे शुद्धतेची खूण म्हणून वापरला जातो. अशा माणसाला ‘गावचा मासा धोक्याचा’ असं सांगताना आपण त्याच्या एका विश्वासालाच हात घालतो, याचं भान सांगणाऱ्याला हवं.

धोका म्हणजे नेमका कशाचा? इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिली मळी. आसवनीतून निघणाऱ्या मळीच्या पाण्याची जैविक ऑक्सिजनची मागणी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम इतकी असू शकते. ते नदीत आलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे तोंड वर काढून तडफडतात आणि गुदमरून मरतात. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर गुदमरून मेलेला मासा स्वतः विषारी असेलच असं नाही. पण तो गुदमरूनच मेला, हे काठावर उभं राहून कळत नाही. वरच्या अंगाला कुणी फवारणीचे पंप धुतले असतील, एखाद्या डोहात कुणी मुद्दाम विष टाकलं असेल. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, म्हणजे ही खोड किमान तेवढी जुनी आहे. शिवाय मार्चच्या उन्हात मेलेला मासा काही तासांत नासतो. म्हणून इथला सल्ला एका वाक्याचा आहे आणि त्यात पण-परंतु नको: मेलेला किंवा गांगरून वर आलेला मासा उचलू नये, माणसासाठी नाही आणि कोंबड्या-कुत्र्यांसाठीही नाही.

दुसरी गोष्ट रोगजंतूंची. सांगलीचा शेरीनाला वर्षानुवर्षं नदीला घाण पाजतो आहे. ते पाणी उचलून धुळगावकडे नेण्याची योजना झाली, तरी शेरीनाला बातमीतून गेलेला नाही. कराड, सातारा, वाई आणि काठची मोठी गावं यांचं सांडपाणीही शेवटी खालीच येतं. घाणेरड्या पाण्याची किंमत या खोऱ्याला ठाऊक आहे. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसं गेली. पण माशाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकाने आपल्याला वाचवलं आहे. थायलंडच्या ईशान्य भागात नदीचा मासा कच्चा खाण्याची चाल आहे, त्यातून यकृतात कृमी होतात आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग. तिथल्या आरोग्य खात्याला लोकांचा आवडता पदार्थच सोडा म्हणावं लागतं. आपल्याकडे मासा रटरटून शिजतो किंवा कडक तळला जातो, जंतू त्यात मरतात. राहतो तो विळीचा प्रश्न. ज्या विळीवर मासा चिरला तिच्यावरच न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर शिजवण्याने मिळालेलं संरक्षण गेलं. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, करायलाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती शिजवून जात नाही. पारा, शिसं, कॅडमियम असे धातू आणि काही टिकाऊ कीटकनाशकं माशाच्या अंगात साठतात. लहान मासा मोठ्याने खाल्ला की पाऱ्याचा आणि अशा कीटकनाशकांचा साठा वर चढतो. त्यामुळे दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या, वयाने मोठ्या झालेल्या माशात तो जास्त असण्याची शक्यता असते. कीटकनाशकांचे अंश चरबीत राहतात, म्हणजे पोटाकडच्या भागात, यकृतात, गाबोळीत. शिसं आणि कॅडमियम कल्ले, यकृत, मूत्रपिंडात अधिक. हे भाग नीट काढून टाकले तर भार थोडा कमी होतो. पारा मात्र थेट मांसात बसतो, त्याला धुण्या-चिरण्याचा उपाय नाही. ऊस आणि द्राक्षांवरच्या फवारण्या, कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहती, शहरांचे नाले हे सगळं याच खोऱ्यात आहे. म्हणून इथल्या माशात असं काही असेल का, हा प्रश्न विचारणं रास्त आहे. उत्तर अंदाजाने देता येत नाही, मासा तपासूनच द्यावं लागतं.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये सांगितलं की आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मिथाइल पारा पोटात जाऊ नये. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. मासा बरोबर कायद्याच्या मर्यादेवर असेल, तर ती आठवड्यात ३२० ग्रॅम खाऊ शकते. तिच्या १५ किलोच्या पोराची मर्यादा मात्र ९६ ग्रॅमवर संपते, म्हणजे दोन-तीन तुकड्यांत. कृष्णेच्या माशात इतका पारा आहे असं यातून निघत नाही. एवढंच कळतं की एकाच कढईतला, कायद्याने ‘चालणारा’ मासा आईला एक गोष्ट असतो आणि पोराला दुसरी. ‘मासा सुरक्षित आहे का’ या प्रश्नात ‘कुणाला’ हा शब्द नसेल, तर तो प्रश्नच अर्धा आहे.

आणि आपल्या घरांत काय होतं? मरळीत काटे कमी, म्हणून ती पोरांना. मरळीने ताकद येते, म्हणून ती बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला. मरळ हा शिकारी मासा. ज्यांना जपायचं, त्यांच्याच ताटात आपण प्रेमाने शिकारी मासा वाढतो. यात मरळीवर आळ घेण्याचा हेतू नाही. एखाद्या स्वच्छ तळ्यातली मरळ उत्तमच असेल. पण तपासणीला पहिला कुठला मासा न्यायचा असं कुणी विचारलं, तर मी मरळीचं नाव सांगेन.

माशाची पारख आपल्याकडे पिढीजात आहे. कल्ले लाल आहेत का, डोळा वर आहे का, बोट दाबलं तर खळगा भरून येतो का, वास कसा. ही पारख खरी आहे आणि ती शिळा मासा अचूक पकडते. पण मासा कधी मेला एवढंच ती सांगते, तो कुठे जगला हे सांगत नाही. पाऱ्याला वास नसतो. बाजारात पाच मिनिटं मासा उलटापालटा करून बघणाऱ्या माणसाला हा फरक एकदा नीट समजावला, तर ‘आम्हाला कळतो की मासा’ या उत्तरावर बोलणं अडत नाही. त्याची पारख खोटी ठरवायची गरजच पडत नाही, तिला फक्त एक प्रश्न जोडायचा: कुठल्या पाण्यातला?

आता हे सांगायचं कुणी? प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे नमुने तपासतं. त्यात प्राणवायू, सामू, जैविक ऑक्सिजनची मागणी, विष्ठेतले जीवाणू यांचे आकडे असतात. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत ‘ड’ वर्गाचं पाणी वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायाला योग्य मानलं जातं. त्यासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू, साडेसहा ते साडेआठ सामू आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत लागतो. हे सगळं मासा जगेल का, याचं मोजमाप आहे. तो खावा का, हे त्यात कुठेच नाही. मत्स्यव्यवसाय विभागाचं काम बीज, ठेके, संस्था यांचं. अन्न व औषध प्रशासनाची नजर दुकानावर. आरोग्य विभागापुढे माणूस येतो तो आजारी पडल्यावर. शिवाजी विद्यापीठ आणि त्याच्या महाविद्यालयांतून या नद्यांवर, त्यांतल्या माशांवर अभ्यास होत आले आहेत, पण प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि कपाटात जातो. डोहातून ताटापर्यंतचा माशाचा प्रवास इतक्या खात्यांच्या हद्दींतून होतो की घरातल्या बाईशी बोलणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत उरत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यांत महाराष्ट्राचे ५३, सर्व राज्यांत जास्त. ही यादी अधिकाऱ्यांना माहीत असते. अंकलीच्या पुलाखाली गळ टाकून बसलेल्या माणसाला तिच्यातून काय कळावं?

जगाचा अनुभव इथे कामाला येतो, आणि त्यात चुकांचा वाटा मोठा आहे. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचे पहिले रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. त्याआधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरत होती. पुढल्या वर्षी प्रांताच्या सरकारने मासे विकण्यावर बंदी आणता येईल का असं विचारलं, तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याचं उत्तर आलं की खाडीतले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. चिस्सो कंपनीचा पारा समुद्रात जात राहिला आणि सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडलं. ‘सगळेच’ या एका शब्दावर हजारो लोकांच्या नसा गेल्या. पुरावा पूर्ण होईपर्यंत गप्प बसणं हीदेखील एक भूमिकाच असते आणि तिची किंमत खाणारा मोजतो.

उलट्या बाजूची चूक अमेरिकेत दिसली. २००१ मध्ये तिथल्या सरकारने गर्भवतींना सांगितलं की पारा जास्त असलेले चार मोठे शिकारी मासे टाळा. पुढच्या अभ्यासात दिसलं की बायकांनी ते चारच नाही, एकूणच मासे कमी केले. कॅनडात जेम्स बेच्या जलविद्युत धरणांनंतर जलाशयांतल्या माशांत पारा चढला, तेव्हा क्री आदिवासींना इशारे दिले गेले. त्यांनी मासेमारीच सोडायला सुरुवात केली, दुकानचं खाणं वाढलं आणि मधुमेहाचं ओझं त्या समाजावर आधीच वाढत होतं. पुढे तिथल्या आरोग्य मंडळाला ‘मासे खा, पण हे असे’ असं सांगत फिरावं लागलं. माशाची भीती घालणं फार सोपं असतं, ती परत काढताना दमछाक होते.

हे आपल्यालाही लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी. नदीकाठच्या गरीब घरात बारका मासा हे सगळ्यात स्वस्त प्रथिन आहे. काट्यासकट खाल्ला तर त्यात कॅल्शियम आहे, बी-१२ आहे. तो ताटातून काढला तर त्या जागी काय येणार? बहुधा काहीच नाही, किंवा पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा. म्हणून ‘नदीचा मासा खाऊ नका’ हा सल्ला वातानुकूलित खोलीत सुरक्षित वाटला, तरी काठावर तो अपायकारक ठरू शकतो. बारका मासा, डोकं-पोट काढून, स्वच्छ पाण्यातला, हवा तेवढा खावा. मोठा शिकारी मासा कधीमधी. असा सल्ला जगभरच्या अनुभवाशी जुळतो आणि आपल्या जिभेशीही.

गोव्याचा २०१८ चा फॉर्मेलिनचा गोंधळ तर मराठी वाचकाच्या अंगणातला. जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या माशांची जागेवर चाचणी झाली, फॉर्मेलिन असल्याचं सांगितलं गेलं आणि मग त्याच प्रशासनाकडून ते मर्यादेत असल्याचा खुलासा आला. प्रेतं टिकवायच्या रसायनाची माशात मर्यादा कसली, असा प्रश्न गोवाभर उठला. सरकारने बाहेरच्या माशांवर काही दिवस बंदी घातली, पण विश्वास गेला तो गेलाच. घरोघरी लोक शाकाहारी झाले, मासळी बाजार ओस पडले. तेव्हा गोव्यात बहुतेकांना मासा किती दूषित होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. सरकारी माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलला, हे मात्र सगळ्यांना आठवतं. चाचणीची पट्टी हातात असणं आणि निकाल सांगता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

मग सांगली-साताऱ्यात कसं बोलावं? उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. या जिल्ह्यांनी आकडे घराघरांत पोचवून दाखवले आहेत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे पोराटोरांनाही पाठ आहे. किती फुटांवर कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे माणूस झोपेत सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा या आकड्याचा अर्थ कुणाला समजावून द्यावा लागला नाही. तो समजतो कारण तो एका जागेला बांधलेला आहे आणि त्यासोबत काय करायचं हेही ठरलेलं आहे. जैविक ऑक्सिजनची मागणी बारा, असं सांगितलं तर घरात काय हलतं? काहीच नाही.

दुसरा नमुना ग्रामपंचायतीत आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड आलं की सरपंचाची मान खाली जाते. हीच रीत डोहांना आणि बंधाऱ्यांना लावता येईल. वर्षातून दोनदा त्या-त्या फुगवट्यातल्या तीन-चार जातींचे मासे तपासायचे, एक शिकारी, एक तळाशी चरणारा, एक बारका. निकाल कार्डाच्या रंगात बंधाऱ्यावर, मासळी बाजारात आणि ग्रामपंचायतीत लावायचा. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या भागात ओजिब्वे लोकांच्या मासेमारी आयोगाने तळ्यांचे रंगीत नकाशे असेच केले आहेत, कुठल्या तळ्यातला वॉलाय मासा बायका-पोरांनी महिन्यात किती वेळा खावा हे त्यावर दिसतं. नकाशा त्यांच्याच लोकांनी काढला, म्हणून तो चालतो. माणसं मासे सोडत नाहीत, तळं बदलतात. आपल्याकडे कोयना-चांदोलीचं पाणी या दृष्टीने बरं ठरेल असं वाटतं, कारण धरणांच्या वर कारखानदारी नाही. मात्र तिथला बराच भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो आणि मासेमारीला बंधनं आहेत.

रंगांना जोड हवी ती महिन्यांची. नदीकाठचा माणूस पंचांगाने जगतो आणि जोखीमही बरीचशी पंचांगानेच फिरते. कार्तिक ते फाल्गुन गाळप हंगाम, मळीचं भय. चैत्र-वैशाखात धार आटते, डोहात उरलेल्या थोड्या पाण्यात सांडपाण्याचा वाटा वाढतो. मग मृगाचा पाऊस येतो आणि चढणीचे मासे सुरू होतात. ओढ्या-नाल्यांतून, बांधावरून उलट चढणारे, गाबोळीने भरलेले मासे पकडण्याची झुंबड कुणी सोडत नाही. पण पहिला लोंढा हा वर्षभराचा मैला, शिवारातली फवारणी, कारखान्यांच्या आवारातली घाण सगळं एकदम नदीत आणतो. त्यातच १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली मासेमारी बंद, आखाडात खाणाऱ्यांची गर्दी, म्हणजे मागणी सगळी नदीवर आणि आंध्राच्या बर्फावर. वर्षातला सगळ्यात चवीचा मासा आणि सगळ्यात गढूळ पाणी एकाच पंधरवड्यात येतात. श्रावण लागला की बरीच घरं आपोआप थांबतात. पूर ओसरून नदी भरल्या अंगाने वाहायला लागते तो आश्विनाचा काळ त्यातल्या त्यात निर्धास्त, निदान जंतूंच्या आणि सांडपाण्याच्या बाबतीत. धातूंना मात्र पंचांग नसतं, ते माशाच्या अंगात बारमाही असतात, त्यामुळे त्यांचा निकाल तपासणीनेच लागायचा.

निरोप नेणारं माणूसही नीट निवडावं लागेल. पत्रकाने हे काम होत नाही. मासा विकणारी बाई तुकडे करून देताना कल्ले आणि पोट काढून टाकते की पिशवीत घालते, यावरच अर्धं काम होतं. तिला आधी सांगावं, तिच्या धंद्याला धक्का न लावता. गर्भवतीशी बोलायला आशाताई आहेत, महिन्याचा पोषण दिवस आहे. तिथे लोहाच्या गोळ्यांबरोबर ‘मासा कुठून आणता हो?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचं बोलणं सुरू होतं. घरात मासा आणतो बहुधा पुरुष आणि वाढते बाई. त्यामुळे कुठल्या पाण्यातला घ्यायचा हे गळवाल्यांच्या कट्ट्यावर बोलावं आणि कुणाला किती वाढायचा हे आशाताईंनी. सांगली जिल्ह्यातल्या आर. आर. पाटलांनी ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, तेव्हा गावं झाडू घेऊन उतरली. कारण निरोप गावाच्या इज्जतीला जोडला होता. माशाच्या निरोपाला तसा उत्सव करता येणार नाही, पण बंधाऱ्यावरचं लाल कार्ड गावाला झोंबेल एवढं नक्की.

काळं पाणी आल्याचा इशारा हा वेगळा प्रकार. तो तासांत पोचायला हवा: ग्रामपंचायतीचा भोंगा, भोई समाजाचे व्हॉट्सअ‍ॅप गट, मंडईतला फलक. आणि तो मागेही घेतला गेला पाहिजे. आपल्याकडे इशारा द्यायला लोक मिळतात, तो संपला असं सांगायला कुणी येत नाही. मग लोक स्वतःच तारीख ठरवतात, कुणी दोन दिवसांत खायला लागतो, कुणी सहा महिने भोयाच्या दारात फिरकत नाही. ‘अमुक ठिकाणचा मासा तपासला, आजपासून घ्यायला हरकत नाही’ ही ओळ इशाऱ्याइतकीच मोलाची आहे.

भोयांची बाजू या आढाव्यात शेवटी येतेय, पण त्यांचा धोका दुहेरी आहे. सगळ्यात जास्त नदीचा मासा त्यांच्याच घरात खाल्ला जातो, न विकलेला, बारका, उरलेला. त्यात फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. जिथे त्या घरीच वितळवून ओतल्या जातात, तिथे चुलीजवळ खेळणाऱ्या पोराला माशापेक्षा जाळ्याचंच भय जास्त. हे कुणी त्यांच्या वस्तीत जाऊन सांगायला हवं. आणि इशारा निघाला की पहिला भाव पडतो तो त्यांचा. बातमी कृष्णेची असली तरी वारणेच्या माशालाही गिऱ्हाईक मिळत नाही. मग भोई इशारा दाबायचा प्रयत्न करतो यात नवल काय? ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याच्याकडूनच आपण खबर मिळण्याची अपेक्षा करतो. काळं पाणी पहिल्यांदा पाहणारा तोच असतो, कारण पहाटे नदीवर दुसरं कुणी नसतं.

सल्ला देण्याच्या या सगळ्या खटाटोपात एक पळवाटही आहे. कुठला मासा खावा, किती खावा, कल्ले काढावेत, मरळ पोराला जपून द्यावी, हे सगळं काम शेवटी स्वयंपाकघरात जाऊन पडतं. नाला सोडणारी नगरपालिका आणि मळी सोडणारा कारखाना यांना त्यात काहीच करावं लागत नाही. इशाऱ्याचा फलक लागला की आपलं काम झालं, असं प्रशासनालाही वाटू लागतं. म्हणून फलकावर माशाच्या खाली आणखी एक ओळ हवी: हे पाणी कशामुळे बिघडलं आणि ते थांबवायची जबाबदारी कुणाची, कुठल्या तारखेपर्यंत. दोषी ठरलेल्यांकडून पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याची सोय आता आहे. त्या रकमेतून माशांच्या तपासणीचा खर्च आणि बंदीच्या दिवसांतली भोयांची मजुरी निघाली, तर पहाटे काळं पाणी दिसल्याबरोबर पहिला फोन नदीवरूनच येईल.